आठवीत इंग्रजीचे दोन पेपर: लँग्वेज जमतंय, लिटरेचरचं काय करायचं?

सायली_ठाणे
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

लेक आठवीत आहे. सातवीपर्यंत साताऱ्याला स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. यांची बदली झाली आणि जूनमध्ये ठाण्यात आयसीएसईच्या शाळेत घातलं, कारण घराजवळ तीच आणि सीटही तिथेच मिळाली. गणित-विज्ञान सेमीमुळे फार अडत नाही. इंग्रजीचे मात्र इथे दोन वेगळे पेपर. लँग्वेजमध्ये निबंध, पत्र, उतारा, व्याकरण असतं, ते ती करते. लिटरेचरला पहिल्याच युनिट टेस्टला २५ पैकी ९.

मी पेपर नीट बघितला. निस्सीम इझिकेल यांची विंचवाची कविता आहे त्यांना. प्रश्न होता की कवितेतले वडील बाकी लोकांपेक्षा वेगळे कसे वाटतात. हिने लिहिलंय, वडिलांनी पावडर लावली, काढा दिला, झाडपाला लावला, मग अंगठ्यावर पॅराफिन ओतून काडी लावली. कवितेत हेच आहे ना? ४ पैकी १ मार्क आणि शेजारी बाईंचा लाल शेरा, की तू कविता परत सांगितलीस.

आम्ही दोघंही मराठी माध्यमाचे. आमच्यासाठी इंग्रजी म्हणजे धड्याखालचे प्रश्न, त्याची उत्तरं गाईडातून पाठ, विषय संपला. आता क्लास लावू? गाईड आणू? की नुसतं वाचन वाढवलं तरी होईल? अनुभव असेल तर सांगा प्लीज.

चहाबाज
पहिला! आता सविस्तर लिहिणारे येतीलच, मी टपरीवर बसलोय.

पाटीपेन्सिल
सायलीताई, मी आयसीएसईला मधल्या वर्गांना इंग्रजीच शिकवते (तुमच्या शाळेत नाही, काळजी नसावी :) ).

आधी हा दोन पेपरांचा प्रकार. दहावीला कौन्सिलची (म्हणजे आयसीएसई बोर्डाची) परीक्षा असते तिथे इंग्रजीचे लँग्वेज आणि लिटरेचर असे ८०-८० मार्कांचे दोन पेपर, दोन्हींना २०-२० इंटर्नल, आणि दोन्हींची सरासरी म्हणजे इंग्रजीचे मार्क. टक्केवारी काढताना बाकीचा एखादा विषय गळू शकतो, इंग्रजी गळत नाही. म्हणून शाळा सहावीपासूनच तसा सराव लावतात. आठवीपर्यंत पुस्तकं शाळा स्वतः निवडते, त्यामुळे शेजारच्या शाळेतल्या मुलीच्या नोट्स आणून काही उपयोग नाही, तिला वेगळ्याच कविता असतील.

आता त्या उत्तराबद्दल. मुलीने लिहिलं ते चूक नाही, अर्धं आहे. वडील काय काय करतात ते तिने लिहिलं. पण कवीने त्याच्या आधी हे वडील शंकेखोर आहेत, बुद्धिवादी आहेत असं स्पष्ट सांगून ठेवलंय. आणि तोच माणूस बायकोला विंचू चावल्यावर शाप, आशीर्वाद, पावडर, पाला, जे हाताला लागेल ते करून बघतो. म्हणजे वेगळा आहे, आणि घाबरल्यावर तितकासा वेगळा उरतही नाही. मार्क इथे आहेत. आमच्याकडे स्टेट बोर्डातून आलेली मुलं सगळी याच जागी अडकतात, कारण त्यांना 'काय झालं' हे लिहायची चांगली सवय असते आणि 'त्यावरून काय दिसतं' हे कोणी विचारलेलंच नसतं.

घरी एवढंच करा. तिने उत्तर लिहिलं की प्रत्येक वाक्यानंतर तुम्ही विचारायचं, 'बरं मग?' जे तोंडी सांगेल ते पुढचं वाक्य म्हणून लिहायला लावा. भाषा साधी असली तरी चालते. गाईड आणू नका. एकाच गाईडातली उत्तरं वर्गात दहा जण लिहितात आणि आम्हाला ती दुरून ओळखू येतात.

रोखठोक_पुणेकर
मला एक कळत नाही, लिटरेचर हवंयच कशाला? आठवीच्या पोराला विंचू चावल्याच्या कवितेचं विश्लेषण करून काय मिळणार? मी आयटीत इंटरव्ह्यू घेतो, समोरच्याला दोन मिनिटं सलग इंग्रजीत बोलता येत नाही, ईमेल लिहिता येत नाही. शाळेने ते शिकवावं. कविता ज्याला आवडेल तो वाचेल.

चहाबाज
रोखठोक, तुमचे ईमेल आले की आमच्या टीमला विंचू चावतो.

गोदाकाठचा_मास्तर
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवतो, मराठवाड्यात. वरची चर्चा वाचून जरा हसू आलं आणि जरा हेवा वाटला.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे. म्हणजे माझ्यासमोरची आठवीतली पोरं कागदोपत्री आठवं वर्ष इंग्रजी शिकतायत. प्रत्यक्षात निम्म्यांचं बोट शब्दाखाली सरकतं आणि तोंड पुढच्याचं ऐकून हलतं. पुस्तक उघडून बघा, प्रत्येक ओळीच्या डोक्यावर शिसपेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेला, इतका बारीक की मूळ ओळ झाकली जाते. अर्थ सांगितला, लिहून घेतला, धडा झाला, पुढे चला. स्पेलिंग तर आमच्याकडे गाण्यासारखी चालतात, वेड-नेस-डे, क-नाऊ-लेज, आणि खरं सांगतो, त्याच्यामुळेच पोरांना ती लिहिता येतात, मी बंद केलेली नाहीत.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेला इंग्रजीचे २५ प्रश्न ५० मार्कांना, सगळे पर्यायी. पोरगं त्यात एक वाक्यही स्वतःचं लिहीत नाही. पालक आणि वरचे साहेब दोघंही शिष्यवृत्तीचा निकाल विचारतात. मग मी गोष्ट रंगवून वाचून दाखवायची कधी?

तरी वाचून दाखवतो. शुक्रवारी शेवटचा तास. पुस्तकातलीच गोष्ट, पण अर्थ न सांगता, हातवारे करून, आवाज बदलून. पहिल्या वेळी पोरं गोंधळली, सर अर्थ सांगा म्हणून ओरडायला लागली. आता मधेच थांबलो तर 'पुढं काय झालं' विचारतात, मराठीत विचारतात, पण विचारतात.

रोखठोक साहेब, बोलायला यावं हे बरोबर. पण बोलायचं कशाबद्दल? 'माय नेम इज, आय लिव्ह इन' एवढं झालं की आमची पोरं गप्प होतात. गोष्ट वाचलेली असली की निदान दोन वाक्यं जास्त निघतात.

मुग्धा_जे
मास्तर, __/\__

अण्णा_१९६१
आमच्या वेळी मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून होते. एबीसीडी आठवीत आणि अकरावीला मॅट्रिक, त्यामुळे चार वर्षांत सगळा गाडा ओढायचा. वडिलांनी तर्खडकर (भाषांतराचे पुस्तक) हातात दिला. रोज मराठी वाक्यांचे इंग्रजी करायचे, संध्याकाळी ते तपासणार. व्याकरण असे बसले की आजही कुणी चुकीचा काळ वापरला की कान टवकारतात.

पण त्या काळाची आरती ओवाळणाऱ्यांपैकी मी नाही. वर्गातली बरीच मुले इंग्रजीतच गचकली. आणि ज्यांचे व्याकरण पक्के झाले त्यांना कविता मात्र कोणी कधी उलगडून दाखवली नाही. मास्तर ओळ वाचत, अर्थ सांगत, अलंकार सांगत, खडू खाली ठेवत. वर्डस्वर्थ मला साठीनंतर आवडला, तोही नातीला शिकवताना.

स्लाव_मधली_मावशी
आम्ही इंग्लंडात, स्लावला. मुलगा इयर ९ ला. इथेही गंमतच आहे. इयर ६ ला सॅट्स (इथल्या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या सरकारी चाचण्या) असतात तेव्हा पोरांना व्याकरण इतकं घोटतात की दहा वर्षांचं पोर वाक्यात फ्राँटेड अ‍ॅडव्हर्बियल (वाक्याच्या सुरुवातीला आणलेलं क्रियाविशेषण) दाखवून देतं, जे आमच्या ऑफिसमधल्या अस्सल गोऱ्या साहेबाला विचारलं तर तो गूगल करतो. मग इयर ७ ते ९ म्हणजे की स्टेज ३, त्यात शेक्सपिअरची दोन नाटकं वाचायची हे अभ्यासक्रमातच आहे. पुढे जीसीएसईला (सोळाव्या वर्षीची शालान्त परीक्षा) लँग्वेज आणि लिटरेचर दोन वेगळे विषय, दोन वेगळ्या ग्रेड.

उत्तर लिहायचं इथे सूत्र शिकवतात, पॉइंट-एव्हिडन्स-एक्स्प्लेन. आधी तुमचं म्हणणं, मग कवितेतले दोन-चार शब्द अवतरणात, मग त्या शब्दांवरून ते म्हणणं कसं सिद्ध होतं. पाटीपेन्सिलताईंचं 'बरं मग?' म्हणजे यातला शेवटचा भाग. सायली, हे सूत्र लेकीला द्या, पहिल्या टर्मला कुबडी म्हणून फार कामाला येतं. नंतर मात्र सोडायला लावा, नाहीतर सगळी उत्तरं एकाच साच्यातली होतात. माझ्या मुलाने एकदा वाढदिवसाच्या थँक्यू कार्डात पण एव्हिडन्स दिला होता.

बाय_म्हापसा
आमच्या गोव्यात हा प्रश्न पाचवीतच येतो. चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोंकणी शाळा, आणि पाचवीला बहुतेक सगळी पोरं इंग्रजी हायस्कुलात. जूनच्या एका सोमवारी इतिहास, भूगोल, विज्ञान सगळंच इंग्रजीत. आधी सरकारी अनुदान फक्त देशी भाषांतल्या प्राथमिक शाळांना होतं, २०११ ला इंग्रजीलाही द्यायचं ठरलं तेव्हा केवढे मोर्चे निघाले.

माझी स्वतःची पाचवी आठवते. वर्गात दोन गट, चर्चच्या शाळेतून आलेली पोरं भराभर बोलायची आणि आम्ही मराठीवाले मागच्या बाकावर. पण वर्ष-दोन वर्षांत चित्र पालटलं. निबंध, गोष्टीचा सारांश असलं काही आलं की आमच्यातली वाचणारी पोरं पुढे, कारण घरी चांदोबापासून सगळं वाचलेलं. गोष्ट कशी असते हे माहिती होतं, फक्त शब्द नवे होते. सायलीबाय, तुमची लेक मराठी वाचते का? वाचत असेल तर निम्मं काम झालंय.

रोखठोक_पुणेकर
झालं, आला मराठी माध्यमाचा झेंडा. आता शंभर प्रतिसाद पक्के.

संपादक_नाही_मी
माध्यमाच्या वादावर इथे आधीच भरपूर धागे आहेत, कृपया तिकडे. इथे लिटरेचर.

अनिकेत_वि
सायलीताई, मला विंचवाची कविता म्हटल्यावर पहिल्यांदा आठवलं ते नाथांचं भारूड. 'विंचू चावला' तुमच्या लेकीने ऐकलंच असेल, साताऱ्याची आहे. आधी ते लावा. मग कविता वाचा. आणि मग तिला विचारा की दोन विंचवांत फरक काय.

मी हे माझ्या भाचीबरोबर करून बघितलं आहे. नाथांचा विंचू म्हणजे काम-क्रोध, ते सरळच सांगतात, आणि उतारा म्हणजे सत्त्वगुण. तिथे खरा विंचू नाहीच. इझिकेलच्या कवितेत उलटं आहे. पावसामुळे तांदळाच्या पोत्याखाली शिरलेला साधा खराखुरा विंचू, चावला आणि पळाला. आणि शेजारी जमून त्याचं भारूड करायला बसतात! मागच्या जन्माचं पाप जळेल, पुढच्या जन्माचं दुःख कमी होईल, विषाने देह शुद्ध होईल. आई तिकडे चटईवर तळमळतेय आणि हे तत्त्वज्ञान सांगतायत. माझी भाची म्हणाली, 'मामा, त्यांना ती दिसतच नाहीये.' अकरा-बारा वर्षांची पोरगी. हे इंग्रजीत लिहिलं की झालं लिटरेचरचं उत्तर.

आणि मग शेवटी आई काय म्हणते? देवाची कृपा, मला चावला, पोरांना सोडलं. अख्ख्या कवितेत ती एकदाच बोलते. का बरं तिला आधी बोलू दिलं नसेल कवीने? हा प्रश्न विचारा लेकीला, मला तिचं उत्तर वाचायला आवडेल.

पाटीपेन्सिल
अनिकेत, 'शेजारी भारूड करायला बसतात' हे मी वर्गात ढापणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

मुग्धा_जे
अवांतर: इझिकेल मुंबईचे बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू. या समाजाची बोली मराठीच, कोकणातली कितीतरी गावं त्यांच्या आडनावांत आहेत. इंदिरा संतांच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर त्यांनी वृंदा नाबर यांच्याबरोबर केलंय. त्यामुळे भारूड त्यांच्या कानावरून गेलंच नसेल असं समजायचं कारण नाही, अर्थात हा माझा अंदाज.

अण्णा_१९६१
मुग्धा, हे माहीत नव्हते. इंदिराबाईंचे नाव वाचून बरे वाटले.

खवट_खोबरं
सगळं छान. पण मला एक शंका. दर वेळी मराठीचा हात धरून इंग्रजी कवितेत शिरवलं तर मूल कायम मनात मराठीत विचार करून मग इंग्रजीत उतरवणार, परीक्षेत तेवढा वेळ मिळत नाही. माझा मुलगा असाच अडकला. त्याला सगळं समजायचं, तोंडी झकास सांगायचा, लिहायला बसला की पंधरा मिनिटं एकाच उत्तरावर. भारूड ऐकवणं ठीक आहे पण एका टप्प्यावर मधलं काढून घ्यायला हवं.

पाटीपेन्सिल
खवट, मुद्दा बरोबर आहे. पण ते काढून कधी घ्यायचं यात बहुतेक पालक घाई करतात. आठवीत आलेल्या मुलीला पहिली टर्म तरी कुठल्याही भाषेत विचार करू द्या. लिहिताना वेग नसतो तो बहुतेक वेळा विचारामुळे नसतो, वाक्यांच्या सुरुवाती हाताशी नसतात म्हणून. 'धिस शोज दॅट', 'द पोएट सीम्स टु', 'अ‍ॅट फर्स्ट... बट लेटर' अशा सात-आठ सुरुवाती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायच्या आणि उत्तर लिहिताना ते पान उघडं ठेवायचं. कवितेची उत्तरं पाठ करण्यापेक्षा एवढ्याच पाठ केल्या तर हरकत नाही. आणि घरी लिहिताना घड्याळ लावायचं, ४ मार्कांना पाच-सहा मिनिटं.

गोदाकाठचा_मास्तर
ताई, ही सुरुवातींची यादी मला पूर्ण मिळेल का? आमच्या पोरांसाठी जरा सोपी करून फळ्याच्या कडेला लिहून ठेवीन. इन्स्पेक्शनला आले तर तक्ता म्हणून पण चालून जाईल.

पाटीपेन्सिल
मास्तर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

रोखठोक_पुणेकर
एक कबूल करतो की 'त्यावरून काय दिसतं' हे सांगता येणं ऑफिसात पण लागतं. आमच्याकडे क्लायंट कॉलनंतर पोरं काय बोलणं झालं ते सगळं लिहून पाठवतात आणि आता करायचं काय ते कुणीच लिहीत नाही. पण हे कवितेवरूनच शिकावं लागतं असं नाही, बातमीवरूनही शिकता येईल. मी अजूनही म्हणेन की पेपरातलं वजन उलटं हवं, बोलणं-लिहिणं जास्त, कविता कमी.

चहाबाज
रोखठोकांना हळूहळू उतारा पडतोय. सत्त्वगुणाचा अंगारा कुणी लावला?

स्लाव_मधली_मावशी
बातमीत आई शेवटी काय म्हणाली हे नसतं हो रोखठोक, 'महिलेची प्रकृती स्थिर' एवढंच असतं.

सायली_ठाणे
सगळ्यांना खूप धन्यवाद, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. क्लासचा विचार सध्या बाजूला ठेवलाय.

बाय_म्हापसा, हो, मराठी वाचते, भरपूर. ते आपण इंग्रजीच्या कामाला येईल असं धरलंच नव्हतं.

काल रात्री भारूड लावलं. सासूबाईही येऊन बसल्या आणि त्यांनी त्यांच्या माहेरी विंचू उतरवणारा माणूस कसा यायचा, काय पुटपुटायचा ते सगळं साभिनय केलं. कवितेतही मंत्र म्हणणारा माणूस आहे, तिथे लेक थांबली आणि म्हणाली, आजी, तुला खरंच वाटायचं का की तो मंत्राने उतरतो? सासूबाई म्हणाल्या, वाटायचं काय, रात्रीची वेळ, डॉक्टर तालुक्याला, दुसरं करणार काय! तर हिने लगेच वही ओढली आणि वडिलांबद्दल लिहिलं, की ते मूर्ख नाहीत, त्यांच्याकडे करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. इंग्रजीत दोन चुका आहेत वाक्यात, तशाच ठेवल्यात.

अनिकेत, तुमचा प्रश्नही विचारला. ती म्हणते, आई आधी बोलली असती तर सगळ्यांनी तिला गप्प केलं असतं. हे लिहू का उत्तरात, मार्क जातील का, असं विचारतेय. पाटीपेन्सिलताई, काय सांगू?

पाटीपेन्सिल
लिहू दे! फक्त पुढे कवितेतली एखादी ओळ अवतरणात द्यायला सांगा, ज्यावरून तिला तसं वाटलं. शेजारी सलग कितीदा 'असं होवो, तसं होवो' म्हणतात त्या ओळी तिथे आहेतच. ओळ दिली की बाईंना मार्क कापायला जागा राहत नाही.

अनिकेत_वि
भारी उत्तर. भाचीला दाखवतो.

खवट_खोबरं
आजींचा साभिनय व्हिडिओ टाका की.

सायली_ठाणे
व्हिडिओला सासूबाईंचा साफ नकार आहे :D बरं, सहामाहीला एक अख्खी नाटुकली पण आहे पेपरला, एकांकिकेसारखी. त्यासाठीही असंच काही करता येईल का? की वेगळा धागा काढू?

गोदाकाठचा_मास्तर
इथेच विचारा. घरातल्या माणसांना भूमिका वाटून मोठ्याने वाचा, आजींना खलनायक द्या.